गाडीचे पाटे घरीं बदलावे कीं मिस्त्र्याकडे द्यावे ?

शेतकऱ्याच्या मालकीच्या वस्तूंमध्यें जिच्याकडे त्याचें सर्वांत कमी लक्ष जातें आणि जिच्यावर त्याचा सर्वांत अधिक भार असतो, अशी वस्तु म्हणजे त्याच्या मोटारगाडीचा खालचा भाग होय. बैलाच्या खुरांत खडा रुतला तर मालक रात्रीं दिवा घेऊन पाहतो. परंतु पिकअपच्या मागच्या पाट्यांपैकीं एक पाटा तुटून महिना लोटला तरी "चालते आहे तोंवर चालूं द्या" असें म्हणून तींत कांद्याच्या गोणी भरल्या जातात. पावसाळा सरून बाजाराची वर्दळ सुरू झाली, म्हणजे हे खालचे भाग एकाएकीं आपलें अस्तित्व दाखवूं लागतात. आणि मग जो तो एकच प्रश्न विचारतो : हें काम घरीं करावें, कीं पैसे मोजून मिस्त्र्याकडून करून घ्यावें? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या बाबतींत आपल्यांत दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो कीं, ज्याला नांगर जोडतां येतो, पंप उघडतां येतो व ठिबकच्या नळ्या जुळवितां येतात, त्यानें चार नट सोडण्यासाठीं तालुक्याच्या गांवीं जाऊन दिवस मोडणें ही लाजेची गोष्ट आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मोटार हें शास्त्राचें काम आहे. ज्याचें काम त्यानें करावें. घरीं हात घालणारा मनुष्य पैसे वांचवितो व पाय गमावितो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघांचीही चूक एकच आहे, आणि ती ही कीं, ते गाडीखालच्या सर्व कामांस एकच काम समजतात. वास्तविक तीं कामें अनेक आहेत व त्यांची जात निरनिराळी आहे.

आपल्या वाडवडिलांस हा भेद चांगला ठाऊक होता. औताचा दांडा बदलणें, जुवाची खीळ बसविणें, गाडीच्या कण्याला वंगण घालणें हीं कामें कुणबी स्वतः करी. त्यासाठीं सुताराच्या दारीं जात नसे. परंतु चाकावर लोखंडी धाव चढवावयाची झाली, म्हणजे सुतार व लोहार या दोघांनाही बोलावणें जाई. कारण धाव तापवून फुगवावयाची, ती तांबडी असतांनाच चाकावर बसवावयाची व पाणी ओतून आवळावयाची. यांत एक बोट मापाची चूक झाली तर चाक तरी फुटे, नाहीं तर धाव तरी वाटेंत निसटे. म्हणजे कोणतें काम आपलें व कोणतें बलुतेदाराचें, हें पैशावर ठरत नसे, कामाच्या स्वभावावर ठरे. मोटारीच्या बाबतींतही हाच न्याय लावला पाहिजे.

पाटे आणि शॉकअब्सॉर्बर यांचें कार्य

कामाचा स्वभाव कळण्यास तें अंग काय करतें हें प्रथम कळलें पाहिजे. गाडीखालची पोलादी कमान ही कांहीं मोटारीबरोबर जन्मली नाहीं. इंग्लंडांत ओबाडाया एलियट यानें १८०४ सालीं घोडागाडीसाठीं पाट्यांच्या कमानीचें पेटंट घेतलें. पुढें तीच कमान आपल्याकडे टांग्याखालीं आली, आणि १९४७ सालीं मुंबईस महिंद्र कंपनीनें विलीस जीप जोडण्यास आरंभ केला तेव्हां त्या जीपखालींही तीच होती. आजही माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअपच्या व लहान ट्रकच्या मागच्या आंसावर आणि आपल्या पुष्कळ ट्रॉल्यांखालीं पाटेच असतात. ट्रॅक्टरच्या मागच्या आंसाला मात्र बहुधा कमान नसते, हें त्याच्यावर दिवसभर बसणाऱ्याच्या कंबरेस निराळें सांगणें नको.

पाट्यांच्या गठ्ठ्यांतील सर्वांत लांब, वरचा पाटा तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस डोळे वळविलेले असतात व त्या डोळ्यांत बुश बसतात. पुढचें टोक गाडीच्या सांगाड्यास पक्कें जोडलेलें असतें. मागचें टोक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास जोडतात, कारण ओझ्यानें कमान सपाट झाली म्हणजे तिची लांबी वाढते व त्या वाढीला जागा हवी असते. सगळे पाटे मधोमध एका बोल्टानें ओंवलेले असतात. या मधल्या बोल्टाचें डोकें आंसावरील भोंकांत बसून आंसाची जागा ठरवितें, आणि यू-बोल्ट पाट्यांस व आंसास एकत्र आवळून धरतात. यू-बोल्ट ढिले झाले कीं मधल्या बोल्टावर सगळा जोर येऊन तो तुटतो, आंस एका बाजूस सरकतो, आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालूं लागते. मागून येणाऱ्यास ती खेंकड्यासारखी दिसते. चालविणाऱ्यास पुष्कळदां पत्ताच नसतो.

पाट्यांचें काम धक्का सोसण्याचें; परंतु सोसलेला धक्का ते परत देतात, व गाडी वरखालीं हेलकावे खात राहते. हे हेलकावे थांबविण्याचें काम शॉकअब्सॉर्बर करतो. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें. दट्ट्या सरकला कीं तें तेल बारीक झडपांतून रेटलें जातें व हालचालीची शक्ति उष्णतेंत जिरते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअब्सॉर्बर हातास गरम लागतो. तो निकामी झाला तर केवळ बसणाऱ्याचे हाल होतात असें समजूं नये. चाक जमिनीवरून उडूं लागतें. आणि जें चाक जमिनीवर नाहीं त्यास ब्रेक लावून काय उपयोग? घाटाच्या उतारावर भरल्या गाडीचा ब्रेक लागावयास दोन हात अधिक अंतर लागलें, तर त्या दोन हातांतच सगळें सामावलेलें असतें.

घरीं करण्याजोगीं कामें

आतां कामांची वांटणी करूं. माझ्या मतें तीन प्रश्न विचारावे. पहिला : या भागांत दाबलेला जोर सांठविलेला आहे काय ? दुसरा : हा भाग सुटला तर सुकाणू किंवा ब्रेक हातचा जाईल काय ? तिसरा : काम झाल्यावर तें बरोबर झालें कीं नाहीं हें पाहण्यास यंत्र लागतें काय ? तिन्ही प्रश्नांचें उत्तर "नाहीं" असेल तर तें काम शेतकऱ्यानें खुशाल घरीं करावें. एकाचेंही उत्तर "होय" असेल तर तें जाणत्या मिस्त्र्याकडे द्यावें.

या कसोटीस उतरणारीं कामें पुष्कळ आहेत. मागच्या आंसावर, पाट्यांबरोबर वेगळे लावलेले शॉकअब्सॉर्बर बदलणें, त्यांचे रबरी बुश बदलणें, शॅकलला ग्रीस देणें, यू-बोल्ट तपासून आवळणें, आणि पाटे न उघडतां संपूर्ण गठ्ठा उतरवून दुसरा चढविणें, हीं तीं कामें होत. गठ्ठा जड असल्यानें शेवटच्या कामास दोन माणसें पाहिजेत. मात्र गठ्ठा खोलून एखादाच पाटा बदलावयाचा असेल तर तें काम मिस्त्र्याचें; कारण ते पाटे एकमेकांवर दाबून बसविलेले असतात, व पकडींत न धरतां मधला बोल्ट सोडला तर ते उसळतात.

घरीं काम करणाऱ्यानें कांहीं नियम आपल्या मुलांसही पाठ करवावे. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. गाडी उचलल्यावर सांगाड्याखालीं मजबूत लोखंडी घोड्या लावून, भार त्यांच्यावर उतरवून, गाडी हातानें हलवून पाहिल्याशिवाय कोणीही खालीं जाऊं नये. घोड्यांऐवजीं विटा, धोंडे किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे लावण्याची पद्धति गांवोगांव दिसते. ती बंद झाली पाहिजे. वीट तडकतांना आधीं सांगत नाहीं. काम खळ्यासारख्या कठीण व सपाट जमिनीवर करावें, नांगरलेल्या रानांत करूं नये. जीं चाकें जमिनीवर असतील त्यांस दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे लावावे. कारण मागचा आंस उचलला म्हणजे हातब्रेकचा भरंवसा उरत नाहीं, तो बहुधा मागच्याच चाकांवर असतो.

शॉकअब्सॉर्बर व पाटे जोडीनेंच बदलावे. एक नवा व एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूस ताठ व एका बाजूस सैल राहते आणि वळणावर फसविते. वायु भरलेला शॉकअब्सॉर्बर कापूं नये व शेगडींत टाकूं नये. यू-बोल्ट सोडले म्हणजे नवेच घालावे. एकदां ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदां तितकी पकड देत नाहीं. ते आळीपाळीनें, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे, आणि भरली गाडी कांहीं दिवस चालल्यावर पुन्हां तपासावे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतांना पकड सैल पडते. किती आवळावें हें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास १० किलो वजन टांगलें असतां जो पीळ पडतो तो १० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारें ९८ न्यूटन-मीटर. तो मोजणारा पाना बाजारांत मिळतो. "हाताला कळतें" असें म्हणणाऱ्याचा हात सकाळीं वेगळा असतो व संध्याकाळीं थकल्यावर वेगळा.

एक नियम मी मुद्दाम निराळा सांगतों, कारण घरचे व दुकानचे दोघेही तो मोडतात. पाट्याच्या डोळ्यांत रबराचा बुश असेल तर त्याचा बोल्ट चाक लोंबकळत असतांना शेवटचा आवळूं नये. रबर दोन्ही पृष्ठभागांस घट्ट धरून बसतें व हालचालीबरोबर पिळलें जातें. चाक लोंबकळत असतां आवळलें, तर गाडी जमिनीवर उतरतांच रबरास कायमचा पीळ बसतो, आणि जो बुश वर्षानुवर्षें टिकावयाचा तो कांहीं महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट प्रथम हातानें घालावा, गाडी चाकांवर उतरवावी, आणि भार आल्यावर मग पक्का आवळावा. यास जास्त वेळ लागत नाहीं. लागते ती केवळ समजूत.

काम संपल्यावर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर, पुढचीं चाकें सरळ ठेवून, दोन्ही बाजूंस फितीनें मोजावें. दोन्हीं मापें सारखीं आलीं म्हणजे आंस आपल्या जागीं बसला. शेताचा बांध मोजणाऱ्या मनुष्यास एवढें मोजणें जड जाऊं नये.

घरीं न करण्याचीं कामें

आतां दुसरी बाजू. पुढच्या चाकांची मांडणी पुष्कळ मोटारींत पाट्यांची नसते. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनियरानें योजिलेला खांब, ज्यांत गोल स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर एकाच दांड्यावर असतात, तो १९५० सालीं इंग्लंडांतील फोर्ड मोटारींत आला. आपल्याकडे १९८३ सालीं निघालेल्या मारुति ८०० मुळें तो घरोघर पोंचला. या खांबांतील स्प्रिंग दाबलेल्या स्थितींत कोंडलेली असते. लहान मोटारीच्या पुढच्या एका चाकावर सुमारें ३०० किलोचा भार येतो असें धरलें, तर तो पेलणारी स्प्रिंग किती जोरानें परत उसळूं पाहते याची कल्पना येईल. ती दाबण्याची योग्य पकड न लावतां वरचा नट सोडणें म्हणजे भरल्या बंदुकीच्या तोंडाशीं बसून तिची कळ चांचपणें होय. पहिल्याच प्रश्नाचें उत्तर येथें "होय" आहे. तेव्हां पुढें विचारण्याचें कारण नाहीं.

बॉल जॉइंट, सुकाणूच्या दांड्यांचीं टोकें व पुढचे बाहू यांची गोष्ट दुसऱ्या प्रश्नाखालीं येते. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवें पडतें व सुकाणू हातांत नुसतें फिरतें. शिवाय हे भाग बदलल्यावर चाकांचा कोन, म्हणजे अलाइनमेंट, यंत्रावर तपासावा लागतो. तो चुकला तर नवा टायर एका कडेनें झिजून अल्पावधींत फुकट जातो. ज्यानें मजुरी वांचविली त्यानें ती टायरवाल्यास दिली, एवढाच हिशेब उरतो.

मोडलेला पाटा वेल्डिंग करून जोडणें हें तर घरींही नको व दुकानींही नको. पाट्याचें पोलाद तापवून, विझवून, पुन्हां बेतानें तापवून त्यास लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें तो गुण जोडाजवळ नाहींसा होतो, व पाटा त्याच ठिकाणीं पुन्हां तुटतो.

जादा पाट्याचा मोह

याच ठिकाणीं एका वाईट चालीचा उल्लेख केला पाहिजे. गाडी दबते म्हणून गठ्ठ्यांत एखादा जादा पाटा घालून घेण्याची प्रवृत्ति आपल्यांत वाढली आहे, व कांहीं मिस्त्री तो आनंदानें घालून देतात. जादा पाट्यानें गाडी दबत नाहीं हें खरें. परंतु गाडी दबणें ही तिची तक्रार असते, आणि आपण तिचें तोंड बांधतों. आंस, बेअरिंग, टायर, ब्रेक व सांगाडा हे पूर्वींच्याच ताकदीचे राहतात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी. एकच कडी जाड करून साखळी मजबूत होत नाहीं. कायद्याचीही बाजू ध्यानांत ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें कारखानदारानें नमूद केलेल्या रचनेशीं विसंगत असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. आणि कलम १९४ प्रमाणें, १ सप्टेंबर २०१९ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनुसार, जादा भाराबद्दल २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये दंड आहे. जादा भरलेल्या दहा गोणींचा नफा या आंकड्याशेजारीं लिहून पाहावा.

पैशाचा हिशेब

घरीं काम करण्याचें मुख्य कारण म्हणून जी बचत सांगतात, तिचा हिशेब कागदावर मांडून पाहूं. समजा, मागचे शॉकअब्सॉर्बर व बुश बदलण्याची मजुरी ८०० रुपये आहे. समजा, चांगला जॅक, दोन घोड्या, पान्यांचा संच व पीळ मोजणारा पाना यांस ९,००० रुपये पडतात. असें काम वर्षाकाठीं एकदां निघालें, तर हत्यारांची किंमत भरून यावयास अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि हत्यारें न घेतां काम करावयाचें, तर तें विटांवर गाडी ठेवूनच करावें लागेल. म्हणजे एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या बाबतींत बचत ही बहुधा भ्रम आहे. परंतु तींच हत्यारें तीस जणांनीं मिळून घेतलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास ३०० रुपये येतात, आणि पहिल्याच कामांत ते वसूल होऊन ५०० रुपये शिल्लक राहतात. या साध्या भागाकारांत आपल्या मंडळाच्या पुढच्या कार्याची दिशा आहे, असें मला वाटतें.

तथापि बचत हा या प्रश्नाचा मुख्य गाभा नव्हे. ज्यानें एकदां स्वतःच्या हातानें बुश बदलला, त्यास दुकानांत कोणी फसवूं शकत नाहीं. हा खरा लाभ. महसुली कामांतील दाखला घ्यावयाचा तर, जमिनीची सरकारी मोजणी भूमि-अभिलेख खात्यानेंच करावयाची. ती खातेदारानें स्वतः केली तर तिला कोणी विचारीत नाहीं. परंतु सातबारा वाचतां आलाच पाहिजे. ज्यास तो वाचतां येत नाहीं, त्याच्या नांवापुढें काय लिहिलें गेलें हें त्यास मरेपर्यंत कळत नाहीं. गाडीचेंही तसेंच आहे. काम दुसऱ्यानें करावें, पण काय केलें तें मालकास वाचतां यावें. बिलावर "चारही शॉकअप, आठ बुश, अलाइनमेंट" असें लिहिलेलें असतें. काढलेले जुने भाग मागून घेणारे शेंकडा किती निघतील? मागितले तर कोणता भाग खरोखर निकामी होता हें पाहतां येतें. ज्याच्या दांड्यावरून तेल ओघळलें आहे, जो उभा धरून दाबला असतां कांहींही विरोध करीत नाहीं, तो शॉकअब्सॉर्बर गेला. नुसती वर धूळ बसलेला गेला असें नाहीं.

मिस्त्री आणि कंपनी

मिस्त्र्याविषयींही दोन शब्द न्यायानें बोलले पाहिजेत. गांवचा मिस्त्री हा आजचा बलुतेदारच आहे. सर्व सोपीं कामें आपण घरीं नेलीं व केवळ अवघड आणि धोक्याचीं त्याच्याकडे दिलीं, तर त्यानें मजुरी वाढविली म्हणून तक्रार करण्यास आपणांस तोंड राहणार नाहीं. सुगीच्या दिवसांत रात्रीं आठ वाजतां गाडी अडली असतां जो धांवून येतो, त्याचें दुकान बाराही महिने उघडें राहिलें पाहिजे. म्हणून वेळ व हत्यारें नसतील तेव्हां सोपें कामही त्यास देण्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्यानेंही भाग कोणता घातला त्याची पावती द्यावी, बोल्ट भारावर आवळावा, आणि "चालतंय" या शब्दास प्रमाणपत्र समजूं नये.

मोठ्या कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे. मूळ सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मिस्त्र्यांस मिळूं न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश काढून एकूण सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला होता. दंडावर पुढें अपीलें झालीं, तो भाग निराळा. पण बाहेरच्या मिस्त्र्याकडे जाण्याची वाट ग्राहकास मोकळी असली पाहिजे, हें तत्त्व त्यांत स्पष्टपणें मांडलें गेलें. पुढें २०२२ सालीं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली. तिच्या विचारांत मोटारींबरोबर शेतीचीं यंत्रेंही घेतलीं होतीं. हा हक्क आपल्यासाठींच आहे. परंतु हक्क कागदावर मिळाला आणि पाना धरणारा हात व बिल वाचणारा डोळा तयार नसला, तर तो हक्क कपाटांतच राहील.

मंडळानें काय करावें

वरील विवेचनावरून पुढील सूचना सभासदांच्या विचारार्थ ठेवतों.

पहिली : प्रत्येक गांवच्या शाखेनें वर्गणीनें एक हत्यारपेटी घ्यावी. तींत निदान तीन टनांचा जॅक, चार लोखंडी घोड्या, पान्यांचा संच, पीळ मोजणारा पाना, ग्रीसचा पंप व लांकडी ठोकळे असावे. पेटी नेणाऱ्याचें नांव, तारीख व परत आल्याची सही यांची वही ठेवावी. वहीशिवाय सामाईक वस्तु टिकत नाहीं, हें आपण फवारणीच्या पंपांच्या बाबतींत पाहिलेलें आहे.

दुसरी : जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील शिक्षकांस विनंति करून पावसाळ्यापूर्वीं दोन दिवसांचें शिबिर भरवावें. त्यांत मुख्यतः तरुणांस, आणि गाडी चालविणाऱ्या मुलींसही, गाडी सुरक्षितपणें उचलण्याचें व खालचे भाग तपासण्याचें शिक्षण द्यावें. गांवच्या मिस्त्र्यासही मानानें बोलवावें. तो आला तर शिकवील, आणि कांहीं गोष्टी शिकेलही.

तिसरी : प्रत्येक गाडीची एक वही असावी. कोणता भाग केव्हां, किती किलोमीटरवर, कोणी व कितीस बदलला, हें तींत लिहावें. ज्या शेतकऱ्यास आपली गाय केव्हां व्याली हें तिथीसह सांगतां येतें, त्यास आपले पाटे केव्हां बदलले हें सांगतां येऊं नये, ही गोष्ट कांहीं शोभादायक नाहीं.

चौथी, व सर्वांत महत्त्वाची : विटांवर उभ्या केलेल्या गाडीखालीं शिरणाऱ्या मनुष्यास, मग तो आपला मुलगा असो, सालदार असो वा मिस्त्र्याचा पोऱ्या असो, पाय धरून बाहेर ओढण्याचा अधिकार गांवांतील प्रत्येकास असावा. हा नियम मोडणाऱ्याची थट्टा न करतां त्यास अडवावें. मिस्त्र्याचा पोऱ्या हा कोणाचा तरी मुलगा आहे, आणि पुष्कळदां तो आपल्याच गांवच्या अल्पभूधारकाचा असतो. आपलें काम दुकानांत दिल्यानें धोका नाहींसा होत नाहीं. तो केवळ आपल्या अंगावरून त्याच्या अंगावर जातो. म्हणून ज्या दुकानांत घोड्या नाहींत, त्या दुकानांत काम स्वस्त असलें तरी देऊं नये.

घरीं कीं दुकानीं, या प्रश्नाचें माझें उत्तर येणेंप्रमाणें आहे : जें काम निजलेल्या लोखंडाचें, तें घरीं, जें दबा धरून बसलेल्या लोखंडाचें, तें जाणत्याकडे, आणि दोन्हींकडे डोळा मात्र मालकाचा. बैलगाडीच्या काळीं कुणब्यास आपल्या गाडीचा प्रत्येक अवयव नांवानें ठाऊक होता. मोटार आली म्हणून ती ओळख सोडण्याचें कारण नाहीं. येत्या हंगामाचा माल बाजारास निघण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें एक सकाळ काढून, गाडी सपाट जमिनीवर उभी करून, उजेड घेऊन खालीं वांकून पाहावें. तुटलेला पाटा, फाटलेला बुश व ओघळलेलें तेल हीं पाहण्यास पैसा लागत नाहीं. एवढें केलें तरी अर्धें काम झालें असें मी समजेन.

— एक सभासद